गोधडीतलं यीस्ट

धर्मराजला खोकला यायचा तो फक्त पाचव्या शीलाला.

अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी त्याच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. पहिली चार शीलं धर्मराज खणखणीत म्हणायचा. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. पाचवं आलं, दारूपासून लांब राहण्याचं, की त्याच्या घशात काहीतरी अडकायचं. खोकला आवरेपर्यंत शील म्हणून झालेलं असायचं आणि तो त्यातून अलगद सुटलेला असायचा. त्याची बायको कांता डोळे मिटूनच त्याला कोपराने ढोसायची. मुलगी उपासना एकदा म्हणाली, "बाबा, यू शुड सी अ डॉक्टर." कांता म्हणाली, या खोकल्याचा डॉक्टर टेंपेला बसतो आणि त्याला दाढी आहे.

टेंपेला एक दुकान होतं. तिथे घरच्या घरी बिअर करायचं सामान मिळायचं. धर्मराज चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून काम करायचं, हवेत धुळीचा कण दिसला तरी मॅनेजर कारखाना डोक्यावर घ्यायचा. अशा माणसाला विरंगुळा म्हणून काय सुचावं? तर आंबवणं. कांताने फार आदळआपट केली नाही. गॅरेजमध्ये काय ते कर, घरात आणायचं नाही, आणि आपल्या माणसांत बोंब व्हायला नको, एवढंच तिचं म्हणणं. ती शीलं पाळणारी बाई होती, पण नवऱ्याला पाळण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता.

दुकानातल्या दाढीवाल्याने धर्मराजला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की बाबा रे, पाणी, जवाचा गोड रस, हॉप्सची कडू फुलं हे सगळं ठीक आहे, पण बिअर तू करत नाहीस, यीस्ट करतं. तू फक्त त्याची सरबराई करतोस. आणि प्रत्येक यीस्टचा स्वभाव वेगळा. तोच रस दोन बरण्यांत ओत, दोन यीस्टं टाक, दोन वेगळे वास येतील. धर्मराजला हे इतकं पटलं की त्याने घरी येऊन तेच केलं. एका बरणीत एल नावाच्या इंग्लिश बिअरचं यीस्ट. ते म्हणजे भाड्याने राहणारा बॅचलर. कुठेही टाका, सुखी. आठवड्यात काम उरकून तळाशी झोपतं. दुसऱ्या बरणीत जर्मन गव्हाच्या बिअरचं. त्याचा वास सगळ्या गॅरेजभर पिकल्या केळ्यांचा, मागून लवंगेचा. कांता दारातूनच म्हणाली, "शिकरण करायचं होतं तर मला सांगायचं."

राहिलं होतं लागर नावाच्या बिअरचं यीस्ट. ते म्हणजे जावई. त्याला गारवा लागतो, सवड लागते, आणि जरा मनाविरुद्ध झालं की सगळ्या घराने नाक धरून बसायचं. काम करताना ते सडक्या अंड्यांचा वास सोडतं. गारव्यात शांतपणे ठेवलं तर वास थोडा, आणि पुढे काही आठवडे गारच ठेवलं तर तोही निघून जातो. उबेत ठेवलं तर मात्र विचारू नका. दाढीवाला म्हणाला, अ‍ॅरिझोनात लागर करू नकोस, इथे नळाचं थंड पाणीसुद्धा गरम येतं. धर्मराजला कुणी करू नकोस म्हटलं की संपलं. तो ज्या घरातून आला होता तिथे आजोबांना 'शिकू नकोस' म्हटलं होतं, त्यावरच सगळी पिढी उभी राहिली. त्याने हिवाळ्याची वाट पाहिली. फेब्रुवारीत गॅरेज चांगलं गार पडलं तशी त्याने काचेची मोठी बरणी भरली, लागरचं यीस्ट टाकलं, तोंडाला बुडबुड्यांची नळी लावली आणि तो निश्चिंत झाला.

नेमक्या त्याच हिवाळ्यात नागपूरहून सासूबाई आल्या होत्या.

अहिल्याबाई म्हणजे कडक शिस्तीची बाई. वंदना त्याच सांगायच्या, बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेऊन घरी आल्यावर पहिलं काम केलं ते दारूचं मडकं अंगणात आपटण्याचं, ही गोष्ट त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या, आणि आपटण्याचा आवाजही काढून दाखवायच्या. जावयाच्या खोकल्याला त्यांनी पहिल्या दिवशी हळद-दूध दिलं, दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध, आणि नंतर नुसतंच बघायला लागल्या.

त्यांनी गॅरेजमध्ये बरणी पाहिली आणि विचारलं, हे काय जी जावई? धर्मराज म्हणाला, आंबवण आहे आई. कशाचं? धर्मराजच्या तोंडून निघून गेलं, इडलीचं. वीस लिटर इडलीचं! पण अमेरिकेत सगळंच मोठं असतं, दुधाचे डबेसुद्धा बादलीएवढे, त्यामुळे अहिल्याबाईंना त्यात काही खटकलं नाही. असं पाचवं शील झाकायला धर्मराजने चौथं वापरलं.

आता यात खरी अडचण होती ती वेगळीच, आणि ती बिअरहून जुनी होती.

तिथल्या मराठी मंडळाचं वर्षाचं कॅलेंडर असायचं. गणपती, दिवाळी, संक्रांत, पाडवा, कोजागिरी. चौदा एप्रिल नसायचा. धर्मराज दोन वर्षं मागणी करत होता की बाबासाहेबांची जयंती मंडळाने करावी. दर वेळी गोड उत्तर मिळायचं. मंडळ पोलिटिकल नको व्हायला. कल्चरल डेला पाच मिनिटं देऊ ना तुम्हाला. तुम्ही तुमची करा, आम्ही येऊ. 'तुम्ही' आणि 'आम्ही' हे शब्द ही माणसं किती हसतमुखाने वापरतात ते बघण्यासारखं असतं. कमिटीच्या मीटिंगा पाळीपाळीने सभासदांच्या घरी व्हायच्या, पण धर्मराजची पाळी आली की त्याचं घर लांब पडायचं. फ्रीवेवर तीन एक्झिट पुढे. गणपतीच्या मूर्तीसाठी हीच माणसं लॉस एंजलिसला ड्राइव्ह करून जायची.

शेवटी कांतानेच फोन केला. म्हणाली, या वेळची मीटिंग आमच्याकडे, रविवारी, विषय चौदा एप्रिलचा, आणि जेवूनच जायचं. अध्यक्ष राजेश पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, तोंडावर नाही म्हणायची सवय नसलेला. त्याला पळायला वाट सापडली नाही. कॅलेंडर छापायला जाणार होतं पुढच्याच आठवड्यात. म्हणजे रविवारी ठरलं तर ठरलं, नाहीतर गेलं वर्ष.

कांताने घर घासायला घेतलं. ती घासत होती ते मळासाठी नव्हे. लहानपणी शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला सांगितलं होतं, तुमच्या घरी पाणी प्यायला काही नाही गं, पण वास येतो. कसला ते मैत्रिणीला सांगता आलं नव्हतं. आपल्याकडे वास हा असा पुरावा आहे की त्याला साक्षीदार लागत नाही, नाक असलं की पुरे. तेव्हापासून कांता घर घासते. त्या आठवड्यात तिने सुकट तर राहोच, अंडंसुद्धा फोडलं नाही. सांबारवडी, वडाभात, श्रीखंड असा बेत ठरवला आणि मग स्वतःवरच चिडली की मी हा बेत कुणाच्या नाकाला विचारून ठरवला?

धर्मराजची कारखान्यात शुक्रवारपासून लांब शिफ्ट होती. तो पहाटे जायचा, रात्री येऊन आडवा व्हायचा. गॅरेजमध्ये त्याने डोकावलंही नाही. लागरला काय, गारवा आणि सवड, दोन्ही होतं.

रविवारी सकाळी कांताला स्वयंपाकघरात कसलातरी वास आला. तिने सिंकमध्ये लिंबं पिळली. मग व्हिनेगर ओतलं. फ्रिज रिकामा करून पुसला. गॅरेज तिच्या डोक्यातही आलं नाही, तिथून आजवर केळ्यांचाच वास आला होता. उपासनाला विचारलं, तर ती म्हणाली, "इट्स नॉट मी." अहिल्याबाईंना विचारून उपयोग नव्हता. वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्यांचं नाक आल्यापासून चोंदलेलं होतं, त्यांना फोडणीसुद्धा कानानेच कळायची. कांताने उदबत्त्या लावल्या. आता घरात चंदन आणि सडकी अंडी असा मिश्र वास येऊ लागला, जो नुसत्या अंड्यांपेक्षा वाईट.

दुपारी धर्मराज शिफ्टमधून लवकर सुटून घरी पोचला आणि पाठोपाठ पाहुणे आले. राजेश, त्याची बायको रत्ना, ती मंडळाची सेक्रेटरी, आणि खजिनदार एकनाथकाका. एकनाथकाका फिनिक्सला आले तेव्हा तिथे मेथीची जुडीसुद्धा मिळत नव्हती, म्हणून त्यांचा मान मोठा. एकटेच राहायचे, आणि कुठेही जेवायला बोलावलं की वेळेआधी यायचे.

धर्मराज दारातच थबकला. त्याने तो वास एका क्षणात ओळखला. हे गारव्यातल्या लागरचं काम नव्हतं. हे काहीतरी भयंकर झालं होतं. पण आता गॅरेजचं दार उघडणं म्हणजे वाघाचा पिंजरा उघडणं.

सगळे बसले. रत्नाने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि रुमाल तिथेच राहू दिला. राजेशने घर छान आहे म्हटलं, भिंतीवरचा बुद्ध छान आहे म्हटलं, आणि तोंडाने श्वास घ्यायला लागला. एकनाथकाका सरळ माणूस. त्यांनी विचारलं, ड्रेनेज तुंबलंय का? कांता म्हणाली, नाही काका. तिचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पिळवटलेला होता. तिने वड्यांची ताटली पुढे केली. रत्नाने एक वडी घेतली आणि हातातच धरून ठेवली.

धर्मराजने विषय काढला. राजेशने ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाला, हे बघ, इतका मोठा विषय असा घाईत नको. पुढची मीटिंग आमच्याकडे घेऊ, तेव्हा निवांत बोलू.

"पुढच्या मीटिंगपर्यंत कॅलेंडर छापून होईल," धर्मराज म्हणाला.

"अरे यार, नेक्स्ट इयर आहेच की." राजेश उठायच्या तयारीत पुढे सरकला. मग कांताकडे बघून फार समजूतदारपणे म्हणाला, "आणि वहिनी, तुम्ही एवढं ऑकवर्ड होऊ नका. प्रत्येक घराचा आपापला एक वास असतो. इट्स कल्चरल. आम्हाला काही प्रॉब्लेम नाही."

कांताच्या हातातली ताटली टेबलावर टेकली. आपटली नाही, टेकली. ती राजेशकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

आता धर्मराजपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसला तर हा वास या घराचा, या घरातल्या माणसांचा, आणि मागे जाऊन कांताच्या शाळेपर्यंतचा खरा ठरणार होता. आणि तोंड उघडलं तर समोर कोपऱ्यात पांढऱ्या पातळात सासूबाई बसल्या होत्या. जयंती मागायला निघालेला बौद्ध गॅरेजात दारू गाळतो, हे सांगायचं कुणाला, तर मंडळाच्या अध्यक्षाला, साक्षीला सासू ठेवून. त्याच्या घशात खोकला आला. कांता तशीच बघत होती. त्याने तो गिळला.

"बिअर आहे," तो म्हणाला.

एकनाथकाकांनी मान वर केली.

"गॅरेजमध्ये मी बिअर करतो. लागर. घराचा वास नाही हा, यीस्टचा आहे. कांताचा यात काडीचा संबंध नाही, ती पितही नाही. वास माझा आहे." आणि मग इंजिनिअर तो इंजिनिअरच. लाज वाटत असतानाच तो समजावून सांगायला लागला की या जातीच्या यीस्टमधून गंधकाचा वायू निघतो, दुसरं यीस्ट टाकलं असतं तर केळ्यांचा वास आला असता, पण एवढा यायला नको होता, गॅरेज तर गार आहे, काहीतरी बिघडलंय.

"चला बघू," एकनाथकाका उठले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली होती.

गॅरेजचं दार उघडलं आणि रत्ना दोन पावलं मागे गेली. आत बरणी दिसेना. तिच्या जागी गोधडीत गुंडाळलेलं, गळ्याशी सुतळी बांधलेलं, ठेंगणं, जाड असं काहीतरी बसलं होतं. थंडी वाजून आलेल्या पाहुण्यासारखं. गोधडीतून एक वायर निघून भिंतीत गेली होती. अहिल्याबाईंची गुडघे शेकायची इलेक्ट्रिक गादी. वरची नळी बुडबुडत नव्हती, कुकरसारखी फुसफुसत होती, आणि फेस उतू जाऊन गोधडीवर वाळला होता.

"हे कोणी गुंडाळलं?" धर्मराजचा आवाज फाटला.

"मी," मागून अहिल्याबाई म्हणाल्या. "गारठलं होतं बिचारं. घरी पाव्हणे येणार, आंबवण फुगलं नसतं तर काय वाढलं असतं पाव्हण्यांना? तुम्ही म्हणाले ना जी, इडलीचं."

धर्मराजने डोळे मिटले. आपल्याकडे दही लावायचं तर डबा गुंडाळायचा, पीठ फुगवायचं तर उबेला ठेवायचं, हे जगातल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक. गारठ्यात राबणारंही एखादं आंबवण असतं, हे कुणी सांगितलं असतं त्यांना? सांगायचं ज्याने, तो इडली म्हणून मोकळा झाला होता.

एकनाथकाका मात्र बरणीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी नळीला नाक लावलं. मग म्हणाले की ते तरुणपणी जर्मनीत ट्रेनिंगला होते तेव्हा तळघरात अगदी असाच वास यायचा, गाव ओळखायचं त्यावरून. राजेशही वाकला. आता तो नाकाने श्वास घेत होता. म्हणाला, इंटरेस्टिंग. खाली जरा फ्रूटी नोट आहे ना? त्याच्या ऑफिसात दोघं-तिघं हे करतात, त्यालाही कधीपासून करायचं होतं. रत्नाने रुमाल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, अगं कांता, आधी सांगायचं नाही का, मस्त हॉबी आहे.

कांता दारात उभी होती. ती हळू बोलली, पण गॅरेजमध्ये आवाज घुमतो.

"पाच मिनिटांपूर्वी हाच वास आमचा होता, तेव्हा तुमच्या नाकाला रुमाल होता. आता बिअरचा झाला तर नाक घालून हुंगताय. वास तर बदलला नाही, राजेश. मग बदललं काय?"

राजेश सरळ उभा राहिला. रत्नाला एकदम आठवलं की तिच्या दुसऱ्या हातात अजून ती वडी आहे. तिने ती तोंडात घातली. चावायला फार वेळ लावला.

"कुणाला उत्तर सुचतंय का?" एकनाथकाका गुडघे धरून उठत म्हणाले. "नाही ना? मग रत्ना, लिही. चौदा एप्रिल. मंडळाचा कार्यक्रम, हॉल मंडळाचा, पाच मिनिटं नव्हे, पूर्ण संध्याकाळ. माझं मत हो. तुझं?"

रत्नाने तोंडात घास असताना मान हलवली. राजेश म्हणाला, "अर्थात." आणि वातावरण हलकं करायचं म्हणून पुढे म्हणाला, मग त्या दिवशी धर्मराजची बिअरच ठेवू.

"जयंतीला दारू नाही," अहिल्याबाई म्हणाल्या. वीस वर्षं शाळा चालवलेल्या हेडमास्तरासारख्या म्हणाल्या. राजेशने खिशातले हात बाहेर काढले.

जेवणं झाली. एकनाथकाकांनी वडाभात दोनदा घेतला. जायच्या वेळी मात्र सगळे रेंगाळले, कारण अहिल्याबाई वंदनेला बसल्या होत्या आणि मधून उठून जाणं बरं दिसेना. त्यांनी एकेक शील सांगितलं, बाकीचे मागून म्हणाले. पाचवं आलं. धर्मराजला खोकला आला. सवयीचाच होता तो, बिचारा वेळेवर आला.

अहिल्याबाई थांबल्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्या थांबूनच राहिल्या. खोकला संपला. तरी त्या थांबल्या होत्या. धर्मराजने घसा साफ केला, चोरून एकदा कांताकडे पाहिलं, आणि पाचवं शील पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून टाकलं. त्याला वाटलं होतं छतच पडेल. काही पडलं नाही.

नंतर बरणी अंगणातल्या खडीवर आणून तो सासूबाईंजवळ गेला आणि म्हणाला, आई, गार जागी ठेवलं तर महिन्याभरात वास पूर्ण जातो, बघा.

"वास गेला म्हणून काय त्याचं ताक होते?" त्या म्हणाल्या. "मी ओता म्हणत नाही जी. शील कोणी कोणाला देत नाही, ज्याचं त्यानं घ्यायचं असते. तुम्ही आत्ता घेतलं. आता तुम्ही जाणा." आणि जाता जाता, "गोधडी मात्र धुऊन द्या."

धर्मराजने बरणी कलती केली. दाढीवाल्याचा, हिवाळ्याचा, सगळ्या हट्टाचा विचार करून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कदाचित गंधकाने आलं असेल. तेवढ्यात एकनाथकाका धावत आले. एवढं धावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ओतू नकोस रे, म्हणाले, माझ्याकडे जुना फ्रिज रिकामा आहे, मी नेतो. राजेशने न सांगता बरणीची दुसरी बाजू धरली. ते जाताना कांताने त्यांना गॅरेजमधली यीस्टची उरलेली पाकिटंही दिली. एलचं, गव्हाचं, सगळी.

त्यानंतर महिनाभर एकनाथकाकांच्या घरी मंडळाची माणसं कारणाशिवाय जायला लागली. पहिले दोन आठवडे त्यांच्या घरात शिरलं की डोळे चुरचुरायचे. पण त्या घराला आपापला एक वास आहे, असं कुणी म्हटल्याचं धर्मराजच्या कानावर आलं नाही. कांताने मुद्दाम चौकशी केली. तिच्याही कानावर आलं नाही.

चौदा एप्रिलला हॉल भरला. मंडळाचा कापडी फलक होता, बाबासाहेबांचा पुतळा नागपूरहून आला होता. राजेशने भाषण केलं, लहान केलं, आणि त्यात 'तुम्ही' हा शब्द एकदाही आला नाही. धर्मराज मोजत नव्हता, पण कांता मोजत होती. मग अहिल्याबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, उठा, शीलं घ्यायची आहेत. सगळे उभे राहिले. पहिली चार शीलं हॉलने दणक्यात म्हटली.

पाचवं आलं. धर्मराजचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि दुसऱ्या रांगेत एकनाथकाकांना खोकला आला. त्यांच्या शेजारी राजेशला आला. मागच्या रांगेत आणखी तिघांना आला, आणि हॉलभर खोकल्याची साथ पसरली.

अहिल्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. हात जोडून त्या शांत उभ्या राहिल्या. शेवटचा खोकला विरला, एकनाथकाकांनी रुमालाने तोंड पुसलं, तरी त्या थांबल्याच होत्या.

"पाचवं," मग त्या माइकमध्ये म्हणाल्या. "पुन्हा."